पिल्लू घरी आणण्याआधी त्याचा शेवटचा दिवसही ठरवा

परसात कोंबड्या पाळणाऱ्या आणि पाळायचं मनात असलेल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

गेली १४ वर्षं मी कोंबड्या पाळते. कधी पाच-सहा असतात, कधी वीसपर्यंत जातात. अंड्यांसाठी पाळल्या, नुसत्या लळ्यापायी सांभाळल्या आणि खाण्यासाठीही वाढवल्या. त्यामुळे मांस खाणाऱ्यांना दूषणं देण्याचा मला अधिकार नाही, आणि आजारी कोंबडीपाशी रात्र जागवणाऱ्यांना हसण्याचाही नाही. मी दोन्ही केलं आहे. पण या वर्षांत पक्ष्यांचे जे हाल डोळ्यांनी पाहिले, ते फारच थोड्या वेळा दुष्ट माणसांमुळे झाले. बहुतेक वेळा ते चांगल्या माणसांमुळे झाले, ज्यांनी वेळेवर काही ठरवलंच नव्हतं. त्यांत मी पहिली.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. पिल्लू घरात येण्याआधी ते सोबतीला येतंय की ताटात जाणार आहे, हे ठरवा. घरातल्या सगळ्यांना बसवून, तोंडाने बोलून ठरवा. आणि त्याच बैठकीत त्याचा शेवट कसा होईल, कोणाच्या हातून होईल, तेही ठरवा.

आम्ही सुरुवात केली तेव्हा एका खोक्यात सहा पिल्लं आणली. ‘सगळ्या माद्या आहेत’ असं देणाऱ्याने सांगितलं होतं आणि आम्ही विश्वास ठेवला. सहाव्या आठवड्यात त्यातल्या एकाचा तुरा बाकीच्यांपेक्षा लवकर लाल झाला, पाय जाड झाले, छाती काढून चालणं सुरू झालं. मुलीने त्याचं नाव शेंदऱ्या ठेवलं. साडेचार महिन्यांचा झाल्यावर शेंदऱ्या पहाटे साडेतीनला आरवायला लागला. शेजाऱ्यांनी महिनाभर काही म्हटलं नाही, मग अगदी सभ्यपणे येऊन सांगितलं की घरात लहान बाळ आहे, झोप होत नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. कोंबड्याच्या आरवण्याचा आवाज जवळून मोजला तर १०० डेसिबलच्या वर जातो.

आम्ही काय केलं? ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं म्हणत राहिलो. संध्याकाळ झाली की शेंदऱ्याला डालग्याखाली घालायचं, वर पोतं टाकायचं, त्यावर जुनी गोधडी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. गोधडीखालच्या कोंबड्यालाही तांबडं कळतं, हे मात्र तेव्हा कळलं. २०१३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं. बाहेरची पहाट दिसत नसतानाही ते आपल्या वेळेला आरवत राहिले. त्यांचं घड्याळ शरीरातच असतं. त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी आणखी दाखवलं की कळपात सर्वांत वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमाने त्याच्यामागून. आमच्याकडे तो एकटाच होता. वरचाही तोच आणि खालचाही तोच. (गळ्याभोवती पट्टा आवळून आवाज दाबायचा उपाय काही जण सुचवतात. कृपा करून तो करू नका. कोंबड्याचा आवाज दबतो तो हवा अडवल्यामुळे.)

अडीच महिने शेंदऱ्याने रात्री डालग्याखाली काढल्या. शेपटीची पिसं घासून मोडली. दिवसा सोडला की मात्र तो पहिल्यासारखाच वागायचा. गांडूळ सापडलं की स्वतः खायचा नाही. चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, ‘टुक-टुक-टुक’ करून तलंगांना, म्हणजे वयात येणाऱ्या माद्यांना, बोलवायचा आणि त्या येऊन खाईपर्यंत बाजूला उभा राहायचा. शेवटी एका रात्री ओळखीचे एक गृहस्थ त्याला पोत्यात घालून घेऊन गेले. त्याचं काय होणार हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघंही त्यावर एक शब्द बोललो नाही. सकाळी मुलीला सांगितलं की शेंदऱ्याला मोठ्या शेतावर पाठवलं, तिथे त्याला खूप जागा आहे. ती तेव्हा ९ वर्षांची होती. ११ वर्षांची झाल्यावर एके दिवशी जेवताना तिने विचारलं, “आई, तो घाबरला होता का गं?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तिथे नव्हतेच. त्याला कोणी, कुठे, कसं मारलं, सुरी धारदार होती की बोथट, पोत्यात तो किती तास होता, यातलं काही मी विचारलंच नव्हतं. मला मांस खाल्ल्याची लाज वाटत नाही. या न विचारण्याची वाटते.

म्हणून ठरवताना पहिला प्रश्न कोंबड्याचा घ्या. अंड्यातून येणाऱ्या पिल्लांत साधारण अर्धे नर असतात, आणि ते नको म्हणून थांबत नाहीत. एका दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद ओळखणं फार कौशल्याचं काम आहे. पिल्लाच्या शेपटीखालच्या छिद्रातला बारीकसा उंचवटा पाहून ओळखण्याची पद्धत १९२० च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली आणि त्यात तरबेज झालेली माणसं जगभर कामाला जात. तरबेज हातही अधूनमधून चुकतो. साध्या विक्रेत्याची काय कथा. अंड्यांच्या मोठ्या उद्योगात हे नर पहिल्याच दिवशी मारले जातात. जगभरात त्यांची संख्या वर्षाला काही अब्ज धरली जाते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही पद्धत बंद केली. आता तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याची तंत्रं वापरतात किंवा नरांनाही वाढवतात. परसातल्या माणसाला वाटतं, आपला या सगळ्याशी काय संबंध? संबंध आहे. उबवणी केंद्रातून ‘फक्त माद्या’ मागवल्या, तर त्यांचे भाऊ कुठे गेले ते आपल्याला माहीत असायला हवं. आणि घरच्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, तर निघणारा प्रत्येक नर आपला आहे. दहातून सहा नर निघाले तर काय करायचं, याचं उत्तर घरात नसेल तर अंडी ठेवू नका.

एका कुंपणात अनेक नर ठेवून भागत नाही. वयात आले की ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि माद्यांच्या पाठीची पिसं ओरबाडून काढतात. ‘आणून सोडा इकडे’ म्हणणारं घर मिळेल, या आशेवरही राहू नका. प्रत्येकाकडे हेच जास्तीचे कोंबडे असतात.

आणि रानात नेऊन सोडू नका. हे वाचतानाच तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण होतं हे. माणसाला वाटतं की आपण त्याला मोकळं केलं. आपल्या कोंबड्यांचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो झाडावर झोपतो, चपळ उडतो, सावलीत दिसेनासा होतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नोन वाट इथली आहेत, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तेवढा काळ माणसाच्या दाराशी राहिलेल्या जड अंगाच्या पक्ष्याला झाडाखाली ठेवून निघून येणं म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी देणं आहे. सुरीपेक्षा ते कितीतरी वाईट मरण आहे.

आता माद्यांकडे वळते. कोंबडी लळ्याची म्हणून ठेवायची असेल तर तिचं आयुष्य किती, हे आधी समजून घ्या. चांगली सांभाळलेली कोंबडी ६ ते ८ वर्षं जगते, काही १० च्या पुढे जातात. ती पाचव्या महिन्याच्या आसपास अंडी द्यायला लागते, पहिली दोन वर्षं भरभरून देते आणि मग दरवर्षी कमी कमी होत जातं. म्हणजे तिच्या आयुष्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती फारशी अंडी न देता रोजचे १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाणार आहे. सोबतीची म्हणून आणली असेल तर ही वर्षंही तिचीच आहेत. अंड्यांसाठीच आणली असेल आणि अंडी थांबल्यावर कापायची असेल, तर तेही चालेल. पण तसं आजच म्हणा. ‘अंडी देते तोवर लाडकी’ हे ठरवणं नव्हे. त्यात तिचं नाव ठेवलेलं असतं, मुलांनी मांडीवर घेतलेलं असतं, आणि तिसऱ्या हिवाळ्यात एकाएकी घरात कुजबुज सुरू होते.

रानकोंबडी वर्षाला १० ते १५ अंडी घालते, तीही पिल्लं काढण्यापुरती. आजच्या अंड्यांच्या जाती वर्षाला ३०० च्या आसपास घालतात. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, आणि कवचासाठी लागणारा चुना खाण्यातून पुरला नाही तर शरीर तो स्वतःच्या हाडांतून काढतं. म्हणून तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवायचा. (लहान पिल्लांना मात्र अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका, त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.) एवढ्या अंड्यांचा भार अंगावर उमटतोच. अंडं अडकणं, अंडमार्ग बाहेर येणं, बलक पोटात पडून तिथे सडणं, अंडाशयाचा कर्करोग, हे आजार वय वाढलेल्या कोंबड्यांत इतके सर्रास दिसतात की स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ कोंबड्यांचा आधार घेतात.

आमची मोतन अशीच गेली. शांत, राखी रंगाची, पायात पाय घालून मागे-मागे येणारी. चौथ्या वर्षी तिचं पोट पाण्याच्या फुग्यासारखं झालं आणि ती बदकासारखी फेंगडी चालायला लागली. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळं दिसणाऱ्याला टोचा बसतात. पिसं फुगवून, शेपटी पाडून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी दिसली, तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. जनावरांच्या ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की एकट्या कोंबडीवर ते उपचार करत नाहीत, कळपाचे आजार बघतात. दुसरे डॉक्टर शोधेपर्यंत दोन दिवस गेले. त्यांनी पोटातलं पाणी काढलं आणि विचारलं, “हिची अंडी किंवा मांस खाणार आहात का? त्यावर कोणतं औषध द्यायचं ते ठरतं.” मी गप्प. मोतन सोबतीची होती, पण तिची अंडी आम्ही खात होतो. आणि घरात कोणीतरी ‘बरी झाली नाही तर निदान...’ असं अर्धवट बोललंही होतं.

तो प्रश्न फार साधा आणि फार नेमका होता. औषध दिल्यावर ठरावीक दिवस त्या कोंबडीची अंडी आणि मांस खायचं नसतं. काही औषधं अन्नासाठी पाळलेल्या पक्ष्याला मुळीच देता येत नाहीत. ती सोबतीची आहे की खाण्याची, याचं उत्तर नसेल तर नीट उपचारही होत नाहीत आणि वेळेवर सुटकाही होत नाही. मोतनचं तेच झालं. आणखी दोन दिवस आम्ही ‘बघू, आज थोडी बरी वाटते’ म्हणत राहिलो. ती पाचव्या दिवशी पहाटे गेली. ज्या संध्याकाळी तिने पाणी पिणं सोडलं त्याच संध्याकाळी तिला शांतपणे झोपवायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

म्हणून सोबतीला कोंबड्या ठेवणार असाल तर पिल्लं आणण्याआधी, पक्ष्यांवर उपचार करणारा आणि वेळ आल्यावर इंजेक्शन देऊन शेवट करणारा डॉक्टर शोधून ठेवा. तो मिळत नसेल तर ते काम कोण करेल, ते ठरवा. लळ्याच्या कोंबडीलाही मरण येतं, आणि बहुतेकदा ते आपोआप सोपं नसतं.

एक चूक मला इथे वेगळी काढून सांगावीशी वाटते, कारण ती प्रेमातूनच होते. मुलांच्या हट्टाखातर पिवळं, मऊ पिल्लू आणलं जातं आणि ते निघतं ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी झपाट्याने वाढणाऱ्या जातीचं. मग घरचे म्हणतात, आता याला कापायचं नाही, हा आपलाच. पण त्याचं शरीर त्या विचाराने घडवलेलं नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जपून ठेवलेले १९५७ आणि १९७८ चे वाण आणि २००५ चे ब्रॉयलर एकाच प्रकारचं खाद्य देऊन शेजारीशेजारी वाढवून पाहिले. ५६ व्या दिवशी १९५७ च्या वाणाचं सरासरी वजन ९०५ ग्रॅम भरलं, १९७८ च्या वाणाचं १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचं ४,२०२ ग्रॅम. खाद्य एकच, फरक सगळा निवड करून घडवलेल्या रक्तातला. पाय आणि काळीज या वेगाला पुरे पडत नाहीत. पाय वाकडे होतात, पोटात पाणी भरतं, उन्हाच्या दिवसांत ते उभ्या-उभ्या पडतात. मोजून-मापून खाऊ घातलं तर काही ब्रॉयलर वर्षभर किंवा जास्तही जगतात. पण त्यासाठी जन्मभर भूक लागलेल्या पक्ष्याला जन्मभर भुकेलं ठेवावं लागतं. हे करायची तयारी नसेल तर त्याला सहा-सात आठवड्यांचा असताना, तो चालत-फिरत असतानाच नीट मारणं ही दया आहे. मी हे खूप विचार करून लिहिते आहे. आणि खाण्यासाठीच वाढवायचे असतील, तर परसात हळू वाढणारी जात आणा. जास्त आठवडे लागतील, खाद्य जास्त जाईल, पण पक्षी शेवटच्या दिवसापर्यंत माती उकरेल, धुळीत लोळेल, काठीवर चढून बसेल.

राहण्याची सोय या विषयावर भरपूर माहिती मिळते, म्हणून मी थोडक्यात आटपते. खुराड्यात एका कोंबडीमागे निदान ४ चौरस फूट, बाहेरच्या कुंपणात ८ ते १० चौरस फूट. बसायला आडव्या काठ्या, धुळीत अंघोळीला कोरडी माती, चार-पाच जणींत अंडी घालायचं एक खोकं. साधी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्या-मांजराला बाहेर ठेवत नाही. बारीक भोकांची मजबूत जाळी लावा. रात्री दार लावलं की नाही ते झोपण्याआधी पुन्हा पाहा. मानमोडीची लस चुकवू नका. एकटी कोंबडी कधीही ठेवू नका, तीन तरी हव्यात. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही असतो. एकाएकी बरेच पक्षी मेले तर पुरू नका, खाऊ नका, पशुवैद्यकीय खात्याला कळवा. बर्ड फ्लूचा संशय खरा निघाला तर सगळा कळप नष्ट करायला लागू शकतो, लाडक्या कोंबड्यांसकट. हे ऐकायला कठीण आहे, पण आधी ठाऊक असलेलं बरं.

आता ज्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही त्या विषयावर. कापणं.

शेंदऱ्यानंतर तीन वर्षांनी मी ठरवलं की आमच्याकडचे जास्तीचे नर आमच्याच हातून जातील, नाहीतर आम्ही उबवणच बंद करू. शिकवलं शेजारच्या आजींनी. पहिल्या दिवशी मी सुरी हातात घेतली, तर त्यांनी माझं मनगट धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “हात थरथरतोय. आज नको. त्याला दाणे टाक आणि उद्या ये.” दुसऱ्या दिवशीही परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी झालं. त्या दोन फेऱ्यांबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण अर्धवट कापणं हेच खरं पाप आहे, असं त्या म्हणत.

त्यांनी शिकवलेलं आणि मी पुढे वाचून, पाहून जमवलेलं इथे सांगते. पक्ष्याला आदल्या रात्रीपासून ८ ते १२ तास खाद्य देऊ नका, पाणी मात्र शेवटपर्यंत असू द्या. पहाटे अंधारात काठीवरून उचला. पाठलाग करून पकडलेला पक्षी आधीच अर्धा मेलेला असतो. पंख अंगाशी धरून छातीशी घ्या, दोन मिनिटं तसेच उभे राहा. इतर कोंबड्यांच्या नजरेआड न्या. उलटा टांगून फडफडत ठेवू नका. शंकूच्या आकाराच्या पत्र्यात डोकं खाली करून ठेवला तर पंख आवळलेले राहतात आणि तो शांत होतो. बेशुद्ध करण्याची सोय असेल तर आधी ती वापरा. सुरी इतकी धारदार हवी की दुसरा वार लागू नये. जबड्याच्या लगेच खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा एका ओढीत. नंतर जी फडफड होते ती स्नायूंची असते, पण तो गेला असं धरून चालू नका. डोळ्याला हलकेच बोट लावा, पापणी मिटली तर थांबा. पूर्ण निश्चल झाल्याशिवाय गरम पाण्यात घालू नका. हे पत्र वाचून एकट्याने करू नका. ज्याचा हात बसलेला आहे त्याच्या शेजारी उभं राहून आधी पाहा. हात धजत नसेल तर त्यात कमीपणा नाही, पण मग ज्याचं काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे अशाच माणसाकडे द्या आणि तिथे हजर राहा. मी शेंदऱ्याजवळ नव्हते, तसं होऊ देऊ नका.

हे सारं एका कोंबडीसाठी कशाला, असं विचारणारे भेटतात. जगात वर्षाला ७,००० कोटींहून अधिक कोंबड्या अन्नासाठी मारल्या जातात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्या कोट्यवधींच्या बाबतीत माझ्या हातात फारसं काही नाही, माझ्या परसातल्या अकरांच्या बाबतीत आहे. आणि कोंबडी मठ्ठ असते, हा समज आता धरून ठेवता येत नाही. एकमेकींना टोचून मानाचा क्रम लावण्याची त्यांची रीत थोरलीफ शेल्डेरूप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९२१ साली मांडली. त्यानंतर शंभर वर्षांत बरंच काही कळलं आहे. आकाशातली घार आणि जमिनीवरचं कुत्रं यांसाठी कोंबडा वेगवेगळ्या हाका देतो, आणि ऐकणाऱ्या कोंबड्या हाकेप्रमाणे लपतात किंवा मान उंच करून पाहतात. २०११ साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडून पाहिला, तेव्हा झोत पिल्लांना लागला आणि काळजाचे ठोके आईचे वाढले. कोंबडी अंगणात पाळलेल्या कोणाही माणसाला यात नवल वाटणार नाही. मी हे सांगते ते मांस सोडा म्हणून नव्हे. आपण कोणाचा जीव घेतो आहोत ते नीट पाहून घ्या, म्हणून.

खाण्याच्या पक्ष्याला नाव ठेवावं का, हे मला बरेच जण विचारतात. ठेवा. नावाने काही बिघडत नाही, खोटं बोलण्याने बिघडतं. आमच्याकडे आता पिल्लं महिन्याची झाली की पायात कडी घालतो. हिरवी कडी म्हणजे राहणार, तांबडी म्हणजे जाणार. मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्यांना कापताना उभं करू नका, पण विचारलं तर खरं सांगा, आणि त्या दिवशी कोणाला जेवायचं नसेल तर आग्रह करू नका. तांबड्या कडीचा पक्षी पुढे कोणाचा तरी जीव झाला आणि त्याला हिरवी कडी मिळाली, तर खुशाल मिळू द्या. आमच्याकडे दोनदा झालं आहे. हिरवीची तांबडी मात्र कधीही करायची नाही. अंडी थांबली, खाद्य महागलं, घर बदललं, काहीही झालं तरी नाही. ज्या कोंबडीला तुमच्या हातावर निर्धास्त झोपायला शिकवलं, तिला त्याच हाताने सुरीखाली धरू नका.

हे पत्र लिहिताना आमची एक कोंबडी खुडूक बसली आहे. आज तिचा अठरावा दिवस. नऊ अंडी ठेवली होती, दिव्यासमोर धरून पाहिली तर सातांत जीव दिसला. तीन दिवसांनी पिल्लं बाहेर येतील. काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे बसलो. तलंगा निघतील तेवढ्या राहतील, असं ठरलं. नर सोळा आठवडे वाढवायचे आणि मग माझ्या हातून. मुलगी आता मोठी झाली आहे. तिने सांगितलं की त्या दिवशी ती घरी येईल आणि पक्षी धरायला उभी राहील. धाकट्याला एक तरी नर ठेवायचा होता. मी शेजारी जाऊन विचारून आले. ज्या बाळामुळे शेंदऱ्याची तक्रार आली होती, ते बाळ आता चौदा वर्षांचं आहे, तोच म्हणाला, “काकू, एक ठेवा, मला सकाळी उठायला बरं पडेल.” तेव्हा एक नर राहणार. कोणता, ते कडी घालायच्या दिवशी धाकटा ठरवेल. हे सगळं कागदावर लिहून आम्ही खुराड्याच्या दाराला आतून चिकटवलं आहे, खाली चौघांच्या सह्या आहेत.

तुमच्या दारावरच्या कागदावर काय लिहिलं, ते मला जरूर कळवा.

आपली,
परसात कोंबड्या पाळणारी एक